खालच्या सुराची गिटार: रंग बघू नका, इंच मोजा

दुकानाच्या भिंतीवर जी सगळ्यांत काळी आणि सगळ्यांत टोकदार, तीच मेटल संगीताची गिटार, हा समज इंदूरला अजून पक्का आहे. दुकानदारही तीच आधी उतरवून हातात देतो. ड्रॉप सी (सर्वांत जाड तार सी पर्यंत उतरवलेली) किंवा त्याच्याही खाली वाजवायचं असेल तर त्या टोकांचा उपयोग फक्त फोटोत. बघायचं ते तारेची वाजती लांबी (स्केल) किती, ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारांचा आधार, हलणारा की पक्का, आणि जाड तार त्या गिटारीवर नीट बसते का. पिकअपचा, म्हणजे तारांची कंपनं पकडणाऱ्या चुंबकाचा, विचार त्यानंतर. बॉडीचं लाकूड तर आमच्या हिशेबात फारच मागे.

पण त्याच्याही आधी सर्वांत खालचा सूर ठरवा. घरी हार्मोनियम असेल (इंदूरच्या मराठी घरात माळ्यावर का होईना, असतेच) तर हिशेब सोपा आहे. गिटारीची सहावी तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ई, म्हणजे पांढरी तीन. ड्रॉप डी म्हणजे पांढरी दोन, ड्रॉप सी म्हणजे पांढरी एक, ड्रॉप बी म्हणजे पांढरी सात आणि ड्रॉप ए म्हणजे पांढरी सहा. सप्तक अर्थातच खालचं. ई ची कंपनं सेकंदाला ८२.४, सी ची ६५.४, ए ची ५५. कानाला ही उतरण चार-सात पट्ट्यांची वाटते, तारेला मात्र ती चांगलीच जाणवते.

किती जाणवते ते आकड्यांत बघू. १०-४६ च्या संचातली ४६ ची तार (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात; १० सर्वांत बारीक तार, ४६ सर्वांत जाड) साडेपंचवीस इंची गिटारीवर ई ला लावली की तिच्यावर सुमारे ७.९ किलो ताण असतो. तीच तार सी पर्यंत उतरवली की ताण ५ किलोवर येतो. मग पिक जोरात मारला की तार फ्रेटवर (सतारीचे पडदे तसे) आपटते, सूर आधी चढतो आणि मग खाली येऊन बसतो. तानपुऱ्यात ब्रिजवर दोरा सरकवून जी जवारी मुद्दाम काढतात, तशीच खरखर इथे आपोआप निघते. डिस्टॉर्शनमधून गेली की ती जवारी राहत नाही, नुसती खडखड होते.

इलाज साधा आहे. ४६ च्या जागी ५६ ची तार लावा. सी ला ताण पुन्हा साडेसात किलोच्या आसपास येतो आणि हात ओळखीचा वाटतो. म्हणून ज्यांना ड्रॉप सी च्या खाली जायचंच नाही, त्यांनी सात तारांची गिटार घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. हातात साडेपंचवीस इंची, पक्क्या ब्रिजची बरी गिटार असेल तर नवी गिटारही नको. ११-५६ चा संच आणि एक चांगला सेटअप, एवढ्यावर काम होतं.

मग लांब स्केल कशाला? ताणासाठी, असं बहुतेक जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. साडेपंचवीसवरून साडेसव्वीस इंचांवर गेलात तर त्याच तारेचा ताण फक्त ८ टक्के वाढतो. ५९ ऐवजी ६४ ची तार लावली तर त्याच्या दुपटीने वाढतो. खरा फायदा स्वच्छतेचा आहे. तार जितकी जाड, तितकी ती सळईसारखी ताठ होते. ताठ तारेचे वरचे स्वरांश मूळ सुराशी नीट जुळत नाहीत, थोडे चढे निघतात. लांबी कमी आणि तार जाड असली की ए चा पॉवर कॉर्ड ‘ढब्ब’ वाजतो, कुठला स्वर ते कळत नाही, आणि बाराव्या फ्रेटवर सूर मिळवायला सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे-मागे नेत शेवटी जागाच संपते. लांब स्केलवर तोच ताण थोड्या बारीक तारेने मिळतो. पाम म्यूट केल्यावर (तळहाताने तार ब्रिजजवळ किंचित दाबून वाजवल्यावर) फरक स्पष्ट ऐकू येतो.

पावणेपंचवीस इंचांवर खाली जाताच येत नाही, असंही नाही. कारखान्यातल्या अपघातात बोटांची टोकं गेलेल्या टोनी आयोमीने (ब्लॅक सबॅथ बँडचा गिटारवादक) १९७१ मध्ये पावणेपंचवीस इंची एसजी गिटार बारीक तारांवर तीन पट्ट्या उतरवली होती, बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून. तो सूर सी शार्प, म्हणजे आपली काळी एक. पण तिथलं डिस्टॉर्शन आजच्या मानाने खूपच कमी होतं आणि रिफ संथ होत्या. आजच्या गेनवर (डिस्टॉर्शनच्या मात्रेवर), भरभर पिकिंग करताना, तेवढी सैल तार चालत नाही.

आता गिटारींकडे. किमती मुद्दाम देत नाही. दोन दुकानांत दोन भाव असतात आणि महिन्याभरात तिसराच असतो.

सहा तारा आणि ड्रॉप सी पर्यंतचं काम असेल तर आमची पसंती आयबानेझ आरजी ४२१ ला. साडेपंचवीस इंच, पक्का ब्रिज, सपाट आणि पातळ नेक, चोवीस फ्रेट. वेगळं असं काही नाही आणि तेच चांगलं आहे. तिच्या शेजारी बहुधा आरजीचंच ट्रेमोलोवालं (हलणाऱ्या ब्रिजचं) मॉडेल टांगलेलं असतं. ते या कामासाठी सोडून द्या. जॅक्सन जेएस २२ डिंकीचंही तेच. गिटार वाईट नाही, पण ट्रेमोलो आड येतो.

एलटीडी ईसी-२५६ दिसायला देखणी, हातात भरीव, आणि सोलो वाजवणाऱ्याला आवडेल अशी आहे. स्केल पावणेपंचवीस. ५६ च्या तारेने सी पर्यंत ती छान जाते, ताण ७ किलोच्या वर राहतो. बी ला उतरवली की ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजचं सॅडल मागच्या भिंतीला टेकायला येतं आणि आवाजाची कड बोथट होते. पांढरी सातवर राहणाऱ्यांनी ही घेऊ नये, मग ती कितीही आवडो.

ड्रॉप बी हा सीमेवरचा प्रदेश. साडेपंचवीस इंचांवर १२-६० चा संच लावला तर सहाव्या तारेचा ताण ७.७ किलो येतो, म्हणजे हाताला अडचण नाही. फक्त त्या संचातली तिसरी तार साधी, २० ची असते. ती बेंड करायला जड जाते आणि इंटोनेशनलाही (वरच्या फ्रेटवर सूर नेमका येण्याला) कुरकुरते. जे सोलो वाजवत नाहीत त्यांना याने काही फरक पडत नाही.

पांढरी सहा हवी असेल तर मात्र सात तारा किंवा बॅरिटोन (लांब स्केलची सहा तारांची गिटार). या दोघांतला फरक दुकानात कुणी समजावून सांगत नाही. सात तारांच्या गिटारीवर ड्रॉप ए करायला फक्त सातवी तार बी वरून ए वर आणायची. वरच्या सहा तारा नेहमीच्याच राहतात. शिकलेले कॉर्ड आणि सोलो जसेच्या तसे वाजतात. बॅरिटोन किंवा सहा तारांच्या गिटारीवर सगळंच उतरतं, सगळ्याच तारा जाड होतात, पण नेक अरुंद राहते आणि नको त्या तारा दाबून ठेवायचं एक काम कमी होतं. फक्त रिदम वाजवणाऱ्याला बॅरिटोन जास्त सोयीची. बँडमध्ये एकच गिटार असेल आणि सगळं तिच्यावरच वाजवायचं असेल तर सात तारा.

सातमध्ये स्वस्तातली आयबानेझ जीआरजी ७२२१ आणि तिच्या वरची आरजी ७४२१, दोन्ही साडेपंचवीस इंची. बी साठी दोन्ही ठीक. नेहमीच्या १०-५९ संचात ५९ ची तार बी ला साडेसात किलोवर बसते. तीच ए ला उतरवली की ५.९ किलो, ताण कमी पडतो, सातवी तार वेगळी, ६२ किंवा ६४ ची घ्यावी लागते. जॅक्सन जेएस २२-७ आणि शेक्टर ओमेन-७ या दोघी साडेसव्वीस इंची. तिथे ६२ ची तार ए ला जवळपास ७ किलोवर बसते आणि रिफमधला प्रत्येक घाव सुटा ऐकू येतो. ए वरच राहणार असाल आणि बजेट आखडतं असेल तर आमचं मत जॅक्सनला. आयबानेझची पातळ नेक हाताला टोचत असेल, तळव्यात थोडं भरलेलं लाकूड हवं असेल, तर शेक्टर. ओमेनचे मूळ पिकअप मात्र जरा झाकलेले वाजतात. ते नंतर बदलता येतात, स्केल बदलता येत नाही. त्याच्याही वर जायचं तर आयबानेझ आरजीआयएक्सएल ७, सरळ २७ इंच. लहान हाताच्या माणसाने ती वाजवून बघितल्याशिवाय मागवू नये. पहिल्या चार फ्रेटमधलं अंतर चांगलंच वाढतं.

तिरक्या फ्रेटच्या मल्टिस्केल गिटारी, उदाहरणार्थ आयबानेझ आरजीएमएस ७, खर्जाला २७.२ आणि वरच्या तारेला २५.५ इंच देतात. कल्पना उत्तम आहे आणि सवयही आठवड्याभरात होते. अडचण पुढे येते: पिकअप तिरके असल्यामुळे बदलायचे म्हटले की पर्याय फारच थोडे. आठ तारांबद्दल इथे बोलत नाही. तो बास गिटारवाल्याशी भांडण ओढवून घेण्याचा प्रकार आहे.

ब्रिजबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक पैसे इथेच वाया जातात. तरंगणाऱ्या ट्रेमोलोत एकीकडे तारांचा ताण आणि दुसरीकडे मागच्या स्प्रिंगांचा ताण, असा तराजू असतो. एक तार उतरवली की पारडं हलतं आणि बाकीच्या पाचही तारा चढतात. त्या उतरवा, की पहिली पुन्हा हलते. संचाची जाडी बदलली की मागची झाकणी उघडून स्प्रिंगांची पकड घट्ट करायची, तीनच्या चार-पाच स्प्रिंग लावायच्या, ब्रिज पुन्हा बॉडीला समांतर आणायचा, आणि मग सगळं पहिल्यापासून. एकाच बैठकीत स्टँडर्ड आणि ड्रॉप सी, दोन्ही वाजवणं तर अशक्यच. आधीच अशी गिटार घेऊन बसला असाल तर मागच्या पोकळीत ट्रेमोलोचा ठोकळा आणि बॉडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी मापाचा लाकडी तुकडा घट्ट बसवा. कुठलाही सुतार तो पाच मिनिटांत कापून देतो. ट्रेमोलो मरतो, गिटार जगते. दुसऱ्या टोकाला एव्हरट्यून ब्रिज: प्रत्येक तारेखाली स्प्रिंगची वेगळी पेटी, जोरात मारलं तरी सूर चढत नाही. रेकॉर्डिंगला फारच चांगला, पण नुसत्या तालमीसाठी एवढे पैसे घालू नयेत.

दुकानात तपासणी कशी करायची? गिटार भिंतीवर ई ला, बारीक तारांवर लावलेली असते. सर्वांत जाड तार सी पर्यंत उतरवून बघू द्या, असं सांगा. ‘नेक जाईल’ असं उत्तर मिळेल. नेक जात नाही. ताण कमी झाला की ती थोडी सरळ होते, इतकंच. उतरवल्यावर खडखड झाली तर तो दोष समजू नका, त्या तारा या कामाच्या नाहीतच. बघायचं ते वेगळं. सहाव्या तारेचं सॅडल आत्ता कुठे आहे आणि मागे सरकायला किती जागा उरली आहे? जाड तारेला ते अजून दोन-तीन मिलिमीटर मागे जाणार, हे धरून चला. मग पहिला फ्रेट एका हाताने आणि नेक बॉडीला जिथे मिळते तिथला फ्रेट दुसऱ्या हाताने दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. फट शून्य किंवा खूप मोठी असेल आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक कमी-जास्त करणारी सळई) आधीच शेवटपर्यंत फिरवलेला असेल तर ती गिटार परत भिंतीवर. खुंट्या फिरवताना नटकडून (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीकडून) ‘टिक’ आवाज आला तर समजा तार खाचेत अडकते आहे. ते घरी सुधारता येतं, पण भाव करायला उपयोगी पडतं. शेवटी अँपला लावून क्लीन चॅनलवर ऐका. गेनच्या पांघरुणाखाली कुठलीही गिटार बरी वाजते.

सात तारांच्या गिटारी इथे सहसा मागवाव्याच लागतात, तेव्हा ही तपासणी खोकं घरी उघडल्यावर करायची. उघडताना व्हिडिओ काढा. बाहेर उन्हाळा असेल तर खोकं तीन-चार तास घरातच राहू द्या आणि मगच सुरात लावा.

आता तारा चढवणं. बहुतेकांचा घोळ इथे होतो आणि शिव्या गिटारीला बसतात.

एका वेळी एकच तार बदला. जाड तार कापण्याआधी, खुंटीच्या पुढे दोनेक इंच सोडून, पक्कडीने काटकोनात वाकवा आणि वाकवलेल्या भागाच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर वरचं वेटोळं आतल्या तारेवरून सैल सुटतं, आणि मग ती तार नवीकोरी असूनही मेलेली वाजते. ६० च्या वरची तार काही खुंट्यांच्या भोकात जात नाही. टोकाचं वरचं वेटोळं सोलून फक्त आतली तार घालावी लागते. गुंडाळी दोन-तीन वेढ्यांहून जास्त नको.

४६ साठी कापलेल्या नटच्या खाचेत ५६ ची तार बसत नाही, वरच टेकते. फरक पाव मिलिमीटरचा आहे, पण तेवढा पुरतो. नटची कानस नसेल तर एखाद्या जुन्या, जरा बारीक तारेभोवती ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि खाच बाजूंनी रुंद करा. खोल करू नका. चुकून खोल झालीच, म्हणजे मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरायला लागली, तर खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचा एक थेंब टाका. लगेच दगड होतो, मग पुन्हा हलक्या हाताने कापा. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की तार अडकत नाही.

यानंतर ट्रस रॉड. चावी सोबत आली नसेल तर सियागंजात ४ आणि ५ मिलिमीटरची एलन की सहज मिळते. आयबानेझच्या बऱ्याच गिटारींना मात्र ७ मिलिमीटरचा ट्यूब पाना लागतो. फट मोजायला दुचाकीच्या मिस्त्रीकडची फिलर गेज चालते. एका वेळी पाव फेराच फिरवा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की नेक मागे जाते, फट कमी होते. उलट फिरवलं की वाढते. जोर लागायला लागला तर थांबा. मग बाराव्या फ्रेटवर अॅक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची: सर्वांत जाड तारेला २ मिलिमीटर, सर्वांत बारीक तारेला दीड. यापेक्षा खाली आणण्याचा हट्ट ए ट्यूनिंगमध्ये धरू नका. सगळ्यांत शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर एकच यायला हवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्या. सॅडलच्या स्क्रूवर स्प्रिंग असेल आणि जागा संपली असेल तर ती स्प्रिंग काढून टाकली तरी चालते. क्लिपवाला ट्यूनर ए आणि बी वर भरकटतो, म्हणून ट्यूनिंगही हार्मोनिकवरच करा. पिक मारताक्षणीचा आकडा धरू नका. सूर स्थिरावला की मग बघा.

इंदूरच्या हवेत हे सगळं वर्षातून दोनदा करावं लागतं. एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी होते की फिंगरबोर्ड आकसतं, फ्रेटची टोकं हाताला बोचतात, नेक मागे जाते आणि खालची तार खरखरते. जूनअखेर पाऊस लागला की नेक उलटी पुढे येते आणि अॅक्शन वाढते. यात भर म्हणजे कूलर. कूलरच्या झोतासमोर टांगलेली गिटार आठ दिवसांत सूर आणि महिन्याभरात तारा गमावते. तारांवर गंज चढतो. भिंत दुसरी निवडा.

पिकअपबद्दल थोडक्यात. साध्या पिकअपवर वर्षभर वाजवा, मग ठरवा. खालच्या तारेकडून पिकअप अडीच-तीन मिलिमीटर दूर ठेवला की निम्मी गिचमीड तिथेच कमी होते. तो वर चढवून आवाज मोठा करण्याचा मोह टाळा. ईएमजी ८१ सारखा अॅक्टिव्ह पिकअप घालायचा असेल तर नुसता पिकअप बदलून भागत नाही. ५०० के चे पॉट (आवाजाच्या बटणांखालचे रेझिस्टर) काढून २५ के चे घालावे लागतात, जॅक स्टिरिओ लागतो आणि ९ व्होल्टच्या बॅटरीला जागा करावी लागते. केबल लावून ठेवली की बॅटरी जळत राहते, म्हणून तालीम झाली की केबल काढायची.

गिचमीड तरीही राहिली तर गिटारीकडे नाही, अँपकडे बघा. गेन निम्म्यावर आणा. पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह पेडल लावा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. डिस्टॉर्शनच्या आधी खालची चरबी छाटली जाते आणि ए च्या तारेला पुन्हा धार येते.

एक खूण लक्षात ठेवा. तारांवरून हात काढल्यावर घरघर वाढत असेल आणि हात ठेवल्यावर कमी होत असेल तर गिटारीच्या आत शिल्डिंग अपुरी आहे. पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडच्या तारेला जोडली की बरंच शांत होतं. हात ठेवूनही घरघर तशीच राहत असेल तर भिंतीतला सॉकेट तपासा. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण अर्थिंगची तार मागे जोडलेलीच नसते. अशा सॉकेटवर अँप लावून गिटार हातात आणि ओठ माइकला, ही जोडी धोक्याची. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या, पेडल नंतर घ्या.